‘आरएम’ नीट शिकवा

संपादक महोदय,

संगणकाच्या अभ्यासक्रमात लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधली, फाइल हटवणारी ‘आरएम’ (rm) ही आज्ञा एका ओळीत उरकली जाते आणि प्रात्यक्षिकाला मुले अडतात. मी लिनक्सची प्रात्यक्षिके घेते, म्हणून हे लिहिते आहे.

फाइलच्या नावात मोकळी जागा असली की शेल (टाइप केलेल्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम) त्याची दोन नावे समजते आणि भलतीच फाइल उडू शकते. नाव अवतरणचिन्हांत घ्यायचे, हे कुणी सांगितलेलेच नसते. डॅशने सुरू होणारे नाव आज्ञेचा पर्याय समजले जाते, म्हणून त्याआधी ‘डॉट-स्लॅश’ (./) लावायचे, हेही नाही.

खरा गोंधळ परवानग्यांचा. फक्त वाचण्याची परवानगी असलेली फाइलही हटवता येते, कारण हा हक्क साधारणपणे ती ज्या डिरेक्टरीत (म्हणजे फोल्डरमध्ये) आहे तिच्या परवानगीवर ठरतो. ‘आरएम’ खोडते ती डिरेक्टरीतली फाइलच्या नावाची नोंद, आतला मजकूर नव्हे. म्हणूनच चालू प्रोग्रामने उघडी ठेवलेली मोठी लॉग फाइल (प्रोग्राम आपल्या कामाच्या नोंदी लिहितो ती) हटवली तरी डिस्कवरची जागा लगेच सुटत नाही. प्रोग्रामने ती बंद केल्यावरच सुटते. मला हा भाग फार सुंदर वाटतो, आणि मुलांनाही समजला की आवडतो.

‘आरएम’ने हटवलेली फाइल कचरापेटीत जात नाही, हे तर पहिल्याच तासाला सांगायला हवे. परीक्षेत ‘आरएम’च्या पर्यायांची यादी विचारण्याऐवजी आधी ‘एलएस’ (ls) या फाइलींची यादी दाखवणाऱ्या आज्ञेने नावे तपासून मगच हटवायला लावावे, अशी अभ्यास मंडळांना कळकळीची विनंती.

— एक संगणक शिक्षिका