आराखडा ठरण्याआधी विचारा

महोदय,

विकसनशील देशांत पर्यटनाचा आराखडा बहुधा राजधानीत ठरतो. गावाला तो कळतो जमीन मोजायला माणसे आली की. मग जनसुनावणी होते, तीही सरकारी भाषेत. याला सहभाग म्हणणे मला मुळीच पटत नाही.

नामिबियाने १९९६ साली कायदा बदलला आणि सामूहिक जमिनीवरील रहिवाशांना संवर्धन क्षेत्र स्थापून वन्यजीव व पर्यटनातून उत्पन्न मिळवण्याचा हक्क दिला. तिथे अनेक लॉजचालक थेट ही क्षेत्रे चालवणाऱ्या स्थानिक संस्थांशी करार करतात. नेपाळच्या अन्नपूर्णा क्षेत्रातही पर्यटकांचे प्रवेशशुल्क तिथल्याच संवर्धनासाठी, विकासासाठी वापरले जाते.

वाटाडे, मासेमार, फेरीवाले, घरगुती निवास चालवणाऱ्या स्त्रिया यांना मसुद्याआधीच, त्यांच्या बोलीत विचारा. नकाराचा अधिकारही द्या.

– एक वाचक