भेटीची वेळ दारावर लावा

महोदय,
पूर्ण वेळ प्राध्यापकाने रोज किमान 5 तास महाविद्यालयात उपलब्ध असावे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे नियम सांगतात. पण नेमके कधी आणि कुठे भेटायचे, हे विद्यार्थ्यांना कळायला हवे ना! खानापूर तालुक्यातल्या खेड्यांतून बेळगावला येणारी मुले बसच्या वेळेला बांधलेली असतात. संध्याकाळी चारनंतर या, असे सांगितले की त्यांची गावाकडची बस चुकते. त्यातून मराठी माध्यमातून आलेली मुले भरवर्गात इंग्रजीत शंका विचारायला कचरतात. तीच मुले सरांच्या किंवा मॅडमच्या खोलीत मोकळेपणाने मराठीत, मोडक्या कन्नडमध्ये विचारतात. म्हणून प्रत्येक प्राध्यापकाने आठवड्यातले दोन ठरलेले तास, तेही दुपारचे, दारावर लिहून लावावेत आणि त्या वेळी खोलीतच थांबावे. यायला जमत नसेल त्याच्यासाठी फोनची एक वेळ ठरवावी. अतिथी प्राध्यापकांना मात्र या तासांचे मानधन मिळालेच पाहिजे, आणि बसायला टेबल-खुर्चीही. परीक्षा तोंडावर येण्याआधी, सत्राच्या पहिल्याच आठवड्यात प्राचार्यांनी हे वेळापत्रक लावून घ्यावे.

– एक पालक, खानापूर