ब्रश हिसकावून घेतल्याबद्दल

मॅडम, सप्रेम नमस्कार.

कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला ओपन इलेक्टिव्ह म्हणून जलरंग घेतले, तेव्हा दोन क्रेडिट सहज पदरात पडतील एवढाच हिशेब होता. एलिमेंटरीला कशीबशी 'क' श्रेणी मिळवून चित्रकलेला रामराम ठोकलेला मुलगा मी. अप्पा बळवंत चौकातून स्वस्तातली वही आणली आणि पहिल्याच वॉशला, म्हणजे पाणीदार रंगाच्या पसरट थराला, तिचा पापड झाला. तुम्ही काही बोलला नाहीत. ३०० जीएसएमच्या जाड, २२ बाय ३० इंची शीटचे आठ तुकडे केलेत, एक माझ्यापुढे ठेवलात, कडांना टेप लावून दिलीत आणि बोर्डाखाली माझंच कॉस्टिंगचं पुस्तक सरकवलंत. उतारावर रंग खालच्या कडेला जमतो, तोच पुढच्या फटकाऱ्यात ओढत न्यायचा, हे तेव्हा कळलं. (त्या पुस्तकाचा इतका उपयोग आधी कधी झाला नव्हता.)

आभार मात्र जुलैतल्या त्या मंगळवारचे मानायचे आहेत.

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा रंगवत होतो. पेटीतले काळा आणि पांढरा तुम्ही आधीच काढून घेतले होते. दगडाचा करडा निळ्या अल्ट्रामरीनमध्ये तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना कालवून करायचा आणि उजेड हवा तिथे कागद कोरा सोडायचा. बुरूज बरा उतरला होता. पण बाहेर पावसाची रिपरिप, आकाशाचा वॉश वाळता वाळेना, आणि मला राहवेना. एक फटकारा मारलाच. ब्रशमधलं पाणी अर्धवट वाळलेल्या रंगात शिरलं आणि झालर लावल्यासारखा डाग पसरला. तो मिटवायला दुसरा. तिसरा मारणार, तोच तुम्ही हातातून ब्रश काढून घेतलात. "चहा पिऊन ये. वीस मिनिटं इकडे फिरकायचं नाही."

राग आला होता, मॅडम. कँटीनमध्ये मित्रासमोर बडबडलोही. परत आलो तर डाग होताच, पण वाळून फिका पडला होता आणि दरवाज्यामागे ढग दाटल्यासारखा दिसत होता. जलरंग वाळल्यावर फिके होतात हे तुम्ही पहिल्याच तासाला सांगितलं होतं म्हणे.

त्याच दिवशी तुम्ही हातात दिवा घेतलेल्या तरुणीचं चित्र दाखवलंत. आम्ही एका सुरात "रविवर्मा" म्हणालो. ते निघालं सावळाराम हळदणकरांचं, १९४५-४६चं, मुलगी गीता हिला समोर उभं करून काढलेलं, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं. आणि चक्क जलरंगातलं! बोटांमधून झिरपणारा तो उजेड पाहिल्यावर माझ्या ढगाचं कौतुक तिथेच संपलं.

परवा लकडी पुलाखालचं नदीपात्र घरी रंगवायला घेतलं. मधे दोनदा ब्रश खाली ठेवून आईला मेथी निवडून दिली. तिला हा कोर्स फारच आवडू लागलाय. चित्र अजून बोर्डावरच आहे, टेप मंगळवारी तुमच्यासमोर काढीन.

आपला,
तिसऱ्या बाकावरचा कॉस्टिंगवाला