प्रकरण म्हणजे नेमकं काय?

ती. आईस,
सा. न.

परवा फोनवर तू सांगितलंस की छोटी दोन दिवस धड जेवली नाही. तिच्या लाडक्या गायकावर त्याच्याच एका सहकारी मुलीने आरोप केलेत, आणि छोटीच्या मते ती मुलगी प्रसिद्धीसाठी खोटं बोलतेय. तू म्हणालीस, "या लोकांची प्रकरणं काय आज ऐकतोय का आपण?" आणि विषय संपवलास. माझ्या डोक्यातून मात्र तो जाईना. फोनवर हे नीट बोलता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

आई, तुझा तो 'प्रकरण' शब्दच मला बोचला. दोन मोठी माणसं राजीखुशीने एकत्र आली तरी प्रकरण, आणि कुणी हाताखालच्या मुलीला धमकावून छळलं तरी प्रकरणच. पहिल्यात आपला काडीचा संबंध नसतो. दुसऱ्यात कुणाचं तरी आयुष्य उद्ध्वस्त झालेलं असतं. दोन्हींना एकच नाव दिलं की आपण दोन्हींकडे सारख्याच चवीने बघतो, नाहीतर सारखाच कानाडोळा करतो.

हॉलिवूडची नटी इन्ग्रिड बर्गमनचं बघ. १९५० साली, पहिलं लग्न अजून मोडलेलं नसताना, तिला दिग्दर्शक रोबेर्तो रोसेलिनीपासून मुलगा झाला. अमेरिका इतकी खवळली की तिथल्या सिनेटमध्ये एका सदस्याने तिच्याविरुद्ध भाषण केलं. त्याआधी पडद्यावर तिने नन साकारली होती, संत जोनही साकारली होती. त्या भूमिका म्हणजेच ती बाई, असं लोकांनी धरलं आणि आपल्याला फसवल्यासारखे ते चिडले. १९५७ साली तिला ऑस्कर मिळालं, तेव्हा ते घ्यायला ती तिथे नव्हती. सिनेटमध्ये तिची माफी मागितली गेली १९७२ मध्ये. बावीस वर्षांनी! तिच्या घरच्यांचं दुःख खरंच असणार, पण ते त्या घरातलं होतं. देशाने त्यात पडायचं काय कारण?

आणि त्याच हॉलिवूडमध्ये निर्माता हार्वी वाइनस्टीनबद्दल वर्षानुवर्षं कुजबुज होती, तरी कुणी ब्र काढला नाही. पैसे देऊन, गप्प राहण्याच्या करारांवर सह्या घेऊन बायकांची तोंडं बंद केली गेली होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये बातमी छापून आली तेव्हा कुठे एकेक जण बोलू लागली. आपल्या देशातलंही सांगते. मल्याळम सिनेसृष्टीत काम करणाऱ्या बायकांना काय सोसावं लागतं, हे तपासायला केरळ सरकारने २०१७ साली न्यायमूर्ती हेमा समिती नेमली. तिने डिसेंबर २०१९ मध्ये अहवाल दिला. तो लोकांपुढे आला ऑगस्ट २०२४ मध्ये, तोही काही भाग वगळून. इतकी वर्षं कागद तयार होता आणि कुणाला घाई नव्हती. याचा मला फार राग येतो, आई. जिथे ओरडायला हवं होतं तिथे सगळे शांत.

पण उलटी चूकही आपण केली आहे, आणि त्यात मी होते. २०२० चे ते महिने आठवतात? सुशांतसिंह राजपूत गेला आणि रोज रात्री टीव्हीवर रिया चक्रवर्तीचा खटला चालायचा. इथे मी बातम्या लावून बसायचे, तिथे तू, आणि मग फोनवर आपण दोघी निकाल देऊन मोकळ्या व्हायचो. अमली पदार्थांच्या प्रकरणात तिला अटक झाली, जवळजवळ महिनाभर ती तुरुंगात होती. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बजावलं की अशा 'मीडिया ट्रायल'मुळे न्यायाच्या कामात अडथळा येतो. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने सुशांतच्या मृत्यूचा तपास बंद करण्याचा अहवाल कोर्टात दिला. त्या बातमीवर आपण किती बोललो? मला तरी एक वाक्यही आठवत नाही. मी तिला नको नको ते बोलले होते, पुरावा म्हणून माझ्याकडे फक्त तिचा टीव्हीवरचा चेहरा होता. त्याची मला आजही लाज वाटते.

छोटीचं दुखणं मला कळतं, ते याच काळाचं आहे. तू ज्यांचे सिनेमे बघत मोठी झालीस ते नट लांब होते. मासिकात महिन्याला एखादी मुलाखत, तीही निवडून छापलेली. छोटीचा गायक उठल्यापासून झोपेपर्यंत तिच्या हातातल्या फोनवर असतो. गाणं पूर्ण व्हायच्या आधी त्याचा तुकडा येतो, रियाजाचा, रडण्याचा, आजारपणाचा व्हिडिओ येतो. तो तिला घरातला वाटतो. घरातल्यावर कुणी बोट दाखवलं की आपणही आधी बोट दाखवणाऱ्यावरच धावून जातो ना? तिला हसू नकोस, एवढं माझं ऐक.

आणि आता डोळ्यांनी पाहिलेलंही खरं धरता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये दुसऱ्याच मुलीच्या व्हिडिओवर रश्मिका मंदानाचा चेहरा चिकटवून तो सगळीकडे फिरवला गेला. त्यामुळे 'क्लिप आहे माझ्याकडे' असं छोटी म्हणाली, तर ती आली कुठून हे तिला शांतपणे विचार.

त्या गायकाने काय केलं ते मला ठाऊक नाही, तुलाही नाही, छोटीलाही नाही. तिला गाणी बंद करायला मी सांगणार नाही. मात्र त्या मुलीच्या पोस्टखाली तिने जे लिहिलंय ते दादाने मला पाठवलं. वाचून अंगावर काटा आला. आपल्या घरातल्या मुलीचे ते शब्द आहेत. हे पत्र पोचलं की तिच्याजवळ बस आणि ते तिच्याच हाताने काढून टाकायला लाव. रविवारी मी तिला फोन करीन. त्या मुलीने नेमकं काय लिहिलंय, ते आम्ही दोघी मिळून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचू. मला वाटतं, छोटीने ते अजून वाचलेलंच नाही.

बाबांना नमस्कार.

तुझी लेक