फूल जमिनीवर पडू न देणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

हे पत्र टपालात न टाकता सर्वांसमोर लिहीत आहे, याबद्दल आधी क्षमा मागते. ग्लॉस्टरशरमधील बॅडमिंटन या गावाविषयी आणि तिथल्या ड्यूकच्या वाड्याविषयी मी हल्ली आमच्या बॅडमिंटन क्लबमधील मुलांना जे काही सांगते, त्यातील निम्म्याहून अधिक तुमचे आहे आणि ते स्वतःच्या नावावर खपवत राहणे मला बरे वाटेना. तुमचे नाव कुठेही छापायचे नाही ही तुमची अट मात्र पाळली आहे. ब्रिस्टलजवळ चाळीस वर्षे राहूनही सकाळच्या पोह्यांवर ओले खोबरे लागणारा आणि दर मे महिन्यात शिट्टी गळ्यात अडकवून घोड्यांच्या अडथळ्यापाशी उभा राहणारा मराठी गृहस्थ, एवढ्यावरून ज्यांना ओळखायचे ते तुम्हाला ओळखतीलच.

सुरुवात माझ्याच चुकीपासून झाली. आमच्या क्लबच्या स्मरणिकेत मी मोठ्या तोऱ्यात लिहिले होते की, बॅडमिंटन हा अस्सल पुण्याचा खेळ असून इंग्रजांनी त्याला फक्त आपल्या एका वाड्याचे नाव चिकटवले. तुमच्या भाचीने ती स्मरणिका तुमच्यापर्यंत पोहोचवली आणि तुमचे दोन ओळींचे उत्तर आले : "लेख आवडला. तारखा तपासल्या होत्यास का?" त्या दोन ओळींनी मला आठवडाभर झोप लागू दिली नाही. त्यानंतर तुम्ही एकेक तारीख माझ्यापुढे मांडलीत. लंडनमधील आयझॅक स्प्रॅट या खेळणीविक्रेत्याने 'बॅडमिंटन बॅटलडोर' या नव्या खेळाची पुस्तिका काढली ती १८६० मध्ये. पुण्याच्या छावणीतील अधिकाऱ्यांनी नियम लिहून काढले असे मानतात ते १८७३ च्या सुमारास. हिंदुस्थानातून परतलेल्या अधिकाऱ्यांनी फोकस्टनला क्लब काढला १८७५ मध्ये आणि बाथच्या क्लबने नियमांना आकार दिला १८७७ मध्ये. म्हणजे नाव आधी तिकडचे, घडण बरीचशी इकडची, आणि मग पुन्हा सगळे तिकडे. माझ्या अभिमानाला धक्का लागला तरी तुम्ही तो पुरता मोडून टाकला नाहीत. "पुण्याचा वाटा मोठाच आहे, फक्त तो नेमका कोणता ते सांगायला शीक," असे तुम्ही म्हणालात, आणि ते शिकण्यासाठी स्वतः येऊन पाहा, असे वर आमंत्रणही दिलेत.

गेल्या मे महिन्यात मी आले तेव्हा वाडा म्हणजे एक इमारत, अशीच माझी समजूत होती. गावात शिरल्यावर एकामागून एक त्याच गेरूमिश्रित पिवळ्या रंगाची घरे दिसू लागली, तेव्हा तुम्ही गाडी हळू करून म्हणालात, "रंग मोजत चल, म्हणजे मालकी कुठपर्यंत आहे ते कळेल." आपल्याकडे संस्थानिकांची गावे मी पाहिली आहेत, पण घराच्या भिंतीवरील चुन्यातून मालक ओळखू यावा हा अनुभव मला नवा होता. सॉमरसेट घराण्याने ही जमीन सतराव्या शतकाच्या आरंभी घेतली. यादवी युद्धात त्यांचा रॅग्लनचा किल्ला उद्ध्वस्त झाल्यावर हेच त्यांचे मुख्य ठिकाण झाले आणि १६८२ मध्ये ब्यूफर्टचे ड्यूकपद मिळाले. पहिल्या डचेसने, मेरी सॉमरसेटने, जगभरातील झाडे इथल्या उष्णगृहांत वाढवली आणि त्यांच्या वाळवलेल्या नमुन्यांचे बारा खंड करून ठेवले, जे आज लंडनच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात आहेत. शिकारीसाठी नावाजलेल्या घराण्यात सर्वांत टिकाऊ संग्रह एका बाईने पानाफुलांचा करावा, ही गोष्ट तुम्ही मला दोनदा सांगितलीत. ती दोनदा सांगण्याजोगीच आहे.

वाडा सर्वसामान्यांसाठी खुला नसल्यामुळे आत जाता आले नाही, याची हुरहुर मला होती. तुम्ही ती बाहेरच्या बाहेर भागवलीत. वास्तुकार विल्यम केंटने १७४० च्या दशकात बांधलेले वूस्टर लॉज उद्यानाच्या उत्तर टोकाला दाखवलेत, तेथून वाड्यापर्यंत जाणारी सरळ रेषा दाखवलीत आणि कॅनालेतोने याच वाड्याची दोन चित्रे काढली होती हेही सांगितलेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाचव्या जॉर्जच्या पत्नी राणी मेरी पन्नासहून अधिक नोकरचाकरांसह येथे राहायला आल्या आणि आयव्हीच्या वेलींशी त्यांनी व्यक्तिगत वैर धरून सगळ्या परिसरातील वेली तोडून काढण्याचा सपाटा लावला, हे सांगताना तुम्ही हातातली छत्री कोयत्यासारखी चालवून दाखवलीत. गावाचे रेल्वे स्थानक १९०३ मध्ये झाले, ते या अटीवर की ड्यूकच्या जमिनीवरून रूळ न्यायचे असतील तर गाड्या येथे थांबल्या पाहिजेत. ते १९६८ मध्ये बंद झाले. आमच्याकडे गाडी थांबावी म्हणून गावकरी रुळांवर बसतात, तिथे एका घराण्याच्या शब्दावर एक्स्प्रेस थांबत असे. मी हसले, तुम्ही हसला नाहीत. "हसण्यासारखे आहे, पण त्या गाडीतून उतरणाऱ्यांच्या पेट्या कोण उचलत असे, तेही विचार," असे म्हणून तुम्ही पुढे चालू लागलात.

शनिवार मात्र मी विसरणार नाही. वाड्याच्या उद्यानात भरणाऱ्या घोडेस्वारीच्या स्पर्धेत त्या दिवशी मोकळ्या रानातील दौड होती आणि तुम्ही पंच म्हणून एका अडथळ्यापाशी उभे होता. मी दोरीच्या अलीकडे, हातात तुमचा थर्मास. अडथळ्याच्या उजव्या बाजूला लाल आणि डाव्या बाजूला पांढरे निशाण, तुमच्या हातात वेळमापक घड्याळ, पाटीवर लावलेला कागद आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. "पेन पावसात दगा देते" हे तुमचे पहिले तांत्रिक ज्ञान मला मिळाले. घोडा दिसायच्या आधी टापांचा आवाज येतो, मग तुमची शिट्टी वाजते, रस्ता ओलांडणारी मुलेबाळे आणि कुत्री मागे सरतात आणि पुढच्या काही सेकंदांत तो प्रचंड प्राणी चिखलाचे ढेकूळ उडवत निघून जातो. साधारण साडेसहा किलोमीटर, अकरा-बारा मिनिटे, तीसच्या आसपास अडथळे. एक घोडी तुमच्या अडथळ्यासमोर येऊन पुढचे पाय रोवून उभी राहिली. स्वाराने तिला वळवून पुन्हा आणले आणि दुसऱ्या वेळी ती अलगद पार झाली. तुम्ही कागदावर वीस गुणांचा दंड लिहिलात, आणि दोरीमागच्या लोकांनी न अडखळलेल्या स्वारांपेक्षा तिलाच अधिक टाळ्या दिल्या. "घोड्याला नाही म्हणण्याचा हक्क आहे. आपण फक्त तो कागदावर मांडायचा," हे तुमचे वाक्य मी वहीत जसेच्या तसे उतरवले आहे.

ही स्पर्धा मुळात कशी सुरू झाली, हेही तुम्ही चहाच्या दोन घोटांच्या मध्ये सांगितलेत. दहाव्या ड्यूकने १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधील घोडेस्वारीची तीन दिवसांची स्पर्धा ऑल्डरशॉटला पाहिली, ब्रिटिश स्वार मागे पडले हे त्याला खुपले आणि त्याने पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, स्वतःचे उद्यान सरावासाठी मोकळे करून दिले. १९५६ च्या स्टॉकहोमच्या स्पर्धेत ब्रिटनला सांघिक सुवर्णपदक मिळाले. मला त्याहून मोलाची वाटली ती दुसरी गोष्ट. ऑलिंपिकमध्ये या प्रकारात स्त्रियांना १९६४ पर्यंत प्रवेश नव्हता, पण येथे १९५४ मध्येच मार्गारेट हफ जिंकली आणि शीला विलकॉक्स १९५७ पासून सलग तीन वर्षे जिंकली. पुढे ल्युसिंडा ग्रीनने सहा वेळा, आणि तेही सहा निरनिराळ्या घोड्यांवर, विजय मिळवला. ऑलिंपिकसारख्या संस्थेला जे सुचायला उशीर लागला ते एका सरंजामदाराच्या बागेत सहज घडून गेले, यावर आपण बराच वेळ वाद घातला. तुमचे म्हणणे असे की, त्यात ड्यूकचे पुरोगामित्व काही नव्हते, शिकारीच्या मैदानात स्त्रिया आधीपासूनच घोड्यावर होत्या आणि सवयीनेच दार उघडे राहिले. मला अजूनही हे पूर्ण पटलेले नाही, पण तुमच्या म्हणण्याला आधार आहे हे मान्य करते.

शिकारीचा विषय मीच काढला. तो टाळला असता तर हे पत्र खोटे ठरले असते. तोच दहावा ड्यूक १९२४ पासून १९८४ मध्ये मरेपर्यंत शिकारी कुत्र्यांच्या ताफ्याचा प्रमुख होता आणि लोक त्याला 'मास्टर' याच नावाने ओळखत. त्याच्या मृत्यूनंतर त्याच वर्षीच्या नाताळात शिकारविरोधी कार्यकर्त्यांनी त्याची कबर खणण्याचा प्रयत्न केला. फेब्रुवारी २००५ मध्ये कुत्र्यांच्या साहाय्याने कोल्ह्याची शिकार करण्यावर इंग्लंड आणि वेल्समध्ये कायद्याने बंदी आली. चर्चच्या आवारात उभे राहून तुम्ही मला दोन्ही बाजू सांगितल्यात. कोल्ह्याचा जीव एकीकडे, आणि कुत्र्यांचा सांभाळ करणारे, नाल ठोकणारे, कुंपणे दुरुस्त करणारे, ज्यांचे पोट त्यावर चालले असे शेकडो लोक दुसरीकडे. तुमचे स्वतःचे मत मी विचारले तेव्हा तुम्ही एवढेच म्हणालात की, बंदी बरोबर होती, पण कबर खणणे बरोबर नव्हते. परदेशात चाळीस वर्षे काढलेल्या माणसाकडे दोन वाक्यांत मावणारे मत असावे, आणि ते सांगताना आवाज चढू नये, याचे मला फार अप्रूप वाटले.

आता मुख्य ऋणाकडे येते. संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरातील टेबलावर तुम्ही मला जुन्या बॅटींविषयी सांगितलेत. वाड्यात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील काही बॅटी जपून ठेवल्या आहेत. आजच्या रॅकेटसारखी त्यांना तात नाही, चौकटीवर चामडे ताणून बसवलेले आहे, त्यामुळे फूल, म्हणजे शटल, त्यावर आपटले की ढोलकीच्या थापेसारखा आवाज होत असणार. त्या चामड्यावर शाईने नोंदी आहेत, की अमुक दिवशी लेडी सॉमरसेटसोबत फूल दोन हजारांहून अधिक टोल्यांपर्यंत टिकवले. ही नोंद मी याआधी वाचली होती, पण तुम्ही माझे बोट एका शब्दावर ठेवलेत. "सोबत लिहिले आहे. विरुद्ध नव्हे." त्या खेळात जाळे नव्हते, रेषा नव्हत्या, हरणारे कुणी नव्हते. दोघांनी मिळून फूल हवेत ठेवायचे आणि मोजायचे, एवढेच. जाळे, हद्द, गुण आणि प्रतिस्पर्धी हे सगळे नंतर आले, आणि ते येण्यात आमच्या पुण्याच्या छावणीचा हात होता. तुम्ही ज्याला पुण्याचा नेमका वाटा म्हणत होता तो हा. वाड्याने खेळाला नाव दिले, पुण्याने भांडण दिले, असे तुम्ही म्हणालात आणि मग आपणच इतके हसलात की काकूंनी आतून काय झाले म्हणून विचारले.

त्या भांडणातूनच पुढचे सगळे वैभव आले, हे मी विसरत नाही. १८९३ ची इंग्लंडमधील बॅडमिंटन संघटना, १८९९ ची पहिली ऑल इंग्लंड स्पर्धा, १९०१ पर्यंत वाळूच्या घड्याळासारखे मध्ये निमुळते असलेले मैदान, आणि आमच्या सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ मध्ये क्वालालंपूरला जिंकलेले विजेतेपद, जे परदेशात भारतीय खेळाडूने मिळवलेले पहिलेच होते. मी स्वतः त्याच परंपरेत वाढले आणि बारा वर्षे मुलांना फूल खाली पाडायलाच शिकवत आले. समोरच्याला पोहोचता येणार नाही अशा कोपऱ्यात टाक, हेच माझे रोजचे वाक्य.

परत आल्यावर मी एक बदल केला, तो तुम्हाला कळवायलाच हे पत्र. आमच्याकडे सहा ते नऊ वर्षांच्या मुलांच्या तुकडीत आता पहिली पंधरा मिनिटे जाळे खाली उतरवलेले असते. दोघादोघांनी समोरासमोर उभे राहून टोले मोजायचे आणि आकडा दोघांच्या नावाने फळ्यावर लिहायचा. सुरुवातीला पालकांनी नाराजी दाखवली. फी भरून मुले नुसती टोले मोजतात, असे एक आजोबा मला ऐकवून गेले. पण मुलांच्या मनगटात जी सफाई मी दोन वर्षांत आणू शकत नव्हते ती चार महिन्यांत आली, कारण समोरच्याला सोपे जावे म्हणून फूल नेमके टाकावे लागते, आणि नेमके टाकता आले की कोपऱ्यातही टाकता येते. सर्वांत खराब खेळणाऱ्या मुलासोबत जोडी लागली म्हणून आता कुणी रडत नाही. उलट त्याला कसे सांभाळून घ्यायचे याची कुजबुज चालते.

सध्या फळ्यावरचा सर्वांत मोठा आकडा ३१८ आहे. ज्या दोघींनी तो गाठला त्यांनी तुम्हाला पाठवण्यासाठी त्या दिवशीचे फूल ठेवून दिले आहे. त्याची तीन पिसे मोडलेली आहेत आणि बुचाच्या कडेला दोघींची नावे व तारीख पेन्सिलीने लिहिली आहे, पेनने नव्हे. तुमच्या भाचीसोबत ते दिवाळीपूर्वी पोहोचेल. काकूंना सांगा की, खोबऱ्याची वडीही सोबत आहे आणि ती फक्त तुमच्यासाठी नाही.

आपली कृतज्ञ,
पुण्याची ती तारखा न तपासणारी मुलगी