उद्योजकाचा ध्यास आणि घड्याळाचे तास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यशस्वी उद्योजकांच्या मुलाखती आपल्या दैनिकात नियमाने येतात आणि त्यांपैकी बहुतेकींत संबंधित गृहस्थ पहाटे किती वाजता उठतात व दिवसाचे किती तास काम करतात, हे ठळक अक्षरांत छापलेले असते. आठवड्याला 70 तास की 90, हा 2023 पासून देशभर रंगलेला वादही याच मापाने लढला गेला. जळगावातील एका डाळमिल चालकाची मुलगी या नात्याने मला या मापाविषयीच शंका आहे.

माझे वडील लग्नाच्या पंगतीत वरण-बट्टीचा पहिला घास घेण्याआधी वरणातली डाळ बोटांत चुरडून पाहत आणि ‘आधी जेवा’ असे आईने दटावले तरी आचाऱ्याकडे जाऊन पोत्यावरचा मार्का वाचून येत. शंभर किलो तुरीतून साधारण 70 ते 75 किलो डाळ निघते. बाकीची चुनी, टरफल आणि घट. उताऱ्यात एका किलोचा फरक पडला तरी हंगामाचा हिशेब बदलतो, त्यामुळे तुरीचा ओलावा हा आमच्या घरी बाराही महिने चर्चेचा विषय होता. आवारात तूर वाळत घातलेली असताना आभाळ भरून आले की घरातले कुठलेही बोलणे अर्धवट राही. यातला कोणता तास कामाचा आणि कोणता घरचा, हे कुणालाही सांगता आले नसते.

स्टीव्ह जॉब्ज यांनी 1996 मधील एका मुलाखतीत सांगितले होते की, कपडे धुण्याचे यंत्र घेण्यासाठी त्यांच्या घरी सुमारे दोन आठवडे रोज रात्री जेवताना चर्चा चालली : अमेरिकी यंत्र लवकर धुते, युरोपीय यंत्र पाणी कमी घेते आणि कपडेही कमी झिजवते, तर आपल्याला नेमके काय हवे? आपल्या खान्देशात जैन इरिगेशनचे संस्थापक भवरलाल जैन यांनी 1963 मध्ये कुटुंबाच्या सात हजार रुपयांवर रॉकेलविक्रीपासून सुरुवात केली आणि पुढे 1978 मध्ये केळीच्या भुकटीचा बंद पडलेला कारखाना घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पपेन हे विकर (एन्झाइम) काढले. केळीच्या मुलखात पपईचा चीक दिसणे, हे पहाटे चारला उठल्याने साधत असते तर आमच्या गल्लीतील सगळे दूधवाले आज कारखानदार असते.

या नजरेची किंमत मात्र बहुधा दुसरेच चुकवतात. आईच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी वडील दवाखान्याच्या व्हरांड्यातून मिलला फोन करून तूर झाकली का, हे विचारत होते. आई ते हसून सांगते, मला अजून हसता येत नाही. वस्तूवरचा ध्यास माणसांवर वळला की तो आणखीच जाचक होतो. कोण कार्यालयात आहे आणि कोण घरी गेले, हे कळावे म्हणून बिल गेट्स सुरुवातीच्या काळात कर्मचाऱ्यांच्या गाड्यांचे क्रमांक पाठ ठेवत. कंपनी वाढल्यावर आपल्याला हे सैल करावे लागले, असे त्यांनीच 2016 मध्ये सांगितले. आमच्याकडील प्रेरणादायी व्याख्याने ऐकून आलेले काही तरुण मालक नेमका हाच भाग उचलतात : कामगार शौचालयात किती मिनिटे होता हे त्यांना ठाऊक असते, पण गिरणीच्या पट्ट्याचा आवाज बदलला आहे हे त्यांच्या कानी पडत नाही.

म्हणून एक विनंती. औद्योगिक वसाहतीतील पुढच्या मुलाखतीत दिनचर्या विचारण्याऐवजी, गेल्या आठवड्यात आपल्या मालात कोणता दोष आढळला आणि तो कुणी दाखवून दिला, हे विचारावे. आणि शक्य झाल्यास एखादा प्रश्न त्यांच्या मुनिमाला व घरच्यांनाही विचारावा.

आपली विश्वासू,
एक वाचक, जळगाव