आठ जादा डावांनंतरचा विजय

अटलांटा,
२ डिसेंबर २०२४

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

शनिवारी फोनवर बाबांनी विचारले की, शुक्रवारचा अमेरिकन फुटबॉलचा सामना तुमच्या विद्यापीठाचा संघ जिंकला असताना तुझा आवाज हरल्यासारखा का येतो आहे. त्या वेळी तुमचे जावई शेजारीच बसले होते आणि हरलेला संघ त्यांचा होता, त्यामुळे मी विषय बदलला. आज ते कामावर गेले आहेत व मला सुट्टी आहे, तेव्हा निवांतपणे लिहिते. आईला खेळात रस नाही हे मला ठाऊक आहे; तरी एकाच घरात दोन पक्ष असले की काय होते, एवढे तरी ती आवडीने वाचेल.

बाबांचा फुटबॉल कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा, आणि आमचा हा फुटबॉल त्याहून अगदीच निराळा, हे मी पूर्वी सांगितले आहे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचे किंवा फेकायचा, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे आणि टोकाला पोचले की सहा गुण मिळवायचे (याला टचडाऊन म्हणतात), एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. खेळ वेगळा असला तरी पेठांचे वैर मात्र तंतोतंत सारखे आहे. मी जिथे शिकले ते जॉर्जिया विद्यापीठ अथेन्स या गावात आहे, आणि जावयांचे जॉर्जिया टेक इथे अटलांटात, तिथून जेमतेम शंभर-एकशे दहा किलोमीटरवर. आमचे लोक टेकवाल्यांना पुस्तकी किडे म्हणून हिणवतात, आणि टेकवाल्यांच्या मते आम्ही शिक्षण सोडून बाकी सर्व गोष्टींसाठी अथेन्सला जातो. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्याआधी तुमच्या मित्रांच्या कट्ट्यावर जे बोलले जायचे, ते इथे मोठमोठे डॉक्टर आणि वकील बोलतात.

या वैराची सुरुवात १८९३ साली झाली, आणि तीही तक्रारीनेच. पहिलाच सामना टेकने अथेन्समध्ये येऊन २८-६ असा जिंकला. पण त्यांच्याकडून लेनर्ड वुड नावाचा एक लष्करी डॉक्टर खेळला होता, ज्याने तिशी उलटल्यावर विद्यार्थी म्हणून नाव घातले होते. पुढे तो अमेरिकेच्या सैन्याचा प्रमुख झाला. आमच्या बाजूचे लोक अजूनही म्हणतात की तो सामना मुलांविरुद्ध नव्हता, सैन्याविरुद्ध होता. आणि टेकवाले म्हणतात की त्या दिवशी आमच्या प्रेक्षकांनी त्यांच्यावर दगड फेकले. दोन्ही गोष्टी सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर असा भाव असतो, जणू तो स्वतः तिथे हजर होता.

आता शुक्रवारचे. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातला सामना सुरू झाला. आम्ही दोघेही अथेन्सला गेलो होतो, मी लाल स्वेटरमध्ये आणि जावई पिवळ्या जाकिटात. सॅनफर्ड स्टेडियममध्ये ९३,००० माणसे बसतात, आणि आमच्या रांगेत पिवळा रंग त्यांचा एकट्याचाच होता. थंडी बरीच होती. (आईसाठी एक गंमत: आमच्या संघाचे चिन्ह म्हणून एक खराखुरा पांढरा बुलडॉग मैदानाच्या कडेला वातानुकूलित घरात बसलेला असतो, आणि त्याच्या आधीच्या कुत्र्यांच्या समाध्या त्याच स्टेडियममध्ये आहेत.)

आमचा संघ नऊ सामने जिंकून आणि दोन हरून आला होता, टेकचा सात जिंकून आणि चार हरून. २०१६ नंतर टेकने आम्हाला एकदाही हरवले नव्हते. आमचे लोक अशा खात्रीने आले होते की पुढच्या शनिवारी टेक्सास विद्यापीठाविरुद्ध होणाऱ्या विभागीय अंतिम सामन्याच्या तिकिटांच्या गप्पाच जास्त चालू होत्या. आणि मध्यंतराला फलक होता टेक १७, जॉर्जिया ०. माझ्या मागे बसलेल्या बाईंनी शांतपणे थर्मासचे झाकण लावले, शाल घडी करून पिशवीत ठेवली आणि नवऱ्याला म्हणाल्या की, चला, गाडी लवकर काढू. त्या एकट्या नव्हत्या. मला वाईट वाटले ते संघाचे नव्हे, त्या पोरांचे. आदल्या तीन वर्षांत दोन राष्ट्रीय अजिंक्यपदे पाहिलेल्या प्रेक्षकांनी अर्धा सामना बाकी असताना पाठ फिरवावी, हे मला पटले नाही. कोल्हापुरात असे कोणी उठले असते तर पुढच्या सामन्याला त्याला गॅलरीत बसू दिले नसते.

चौथ्या व शेवटच्या भागात टेक २७-१३ असे पुढे होते. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा खेळाडू, हेन्स किंग याचा खेळ पाहताना मी चार-पाच वेळा नकळत टाळी वाजवली आणि शेजारच्या आजोबांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिले. हा मुलगा चेंडू फेकतही होता आणि स्वतः घेऊन पळतही होता. आमच्या बचावफळीतली दणकट पोरे त्याच्या अंगावर पडत आणि तो पुन्हा उठून रांगेत उभा राहत असे. तेवढ्यात आम्ही एक टचडाऊन करून व त्यावरचा जादा गुण घेऊन अंतर सात गुणांवर आणले. आणि मग जी गोष्ट घडली तिच्यामुळेच मी हे पत्र लिहीत आहे.

सुमारे दोन मिनिटे उरली होती आणि चेंडू टेककडे होता. तो त्यांच्याकडेच राहिला असता तर घड्याळ संपवत नेणे त्यांना शक्य होते. किंग चेंडू घेऊन पळाला, आमच्या डॅन जॅक्सनने त्याला जोरात धडक दिली, चेंडू सुटला आणि आमच्या खेळाडूने तो झडप घालून मिळवला. स्टेडियममध्ये असा आवाज उठला की मला जावयांचे शब्द ऐकूच आले नाहीत, फक्त त्यांचे हात डोक्यावर गेलेले दिसले. मोठ्या पडद्यावर तो क्षण पुन्हा दाखवला तेव्हा मात्र आमच्या रांगेतला आवाज हळूहळू ओसरला. कॉलेज फुटबॉलमध्ये डोक्याने डोक्याला धडक देण्याबाबत कडक नियम आहेत. दोष सिद्ध झाला तर खेळाडूला बाहेर काढतात आणि चेंडू पुन्हा समोरच्या संघाला मिळतो. टेकवाल्यांचे ठाम म्हणणे आहे की ती धडक हेल्मेटवरच बसली. पंचांनी दोष दिला नाही. पडद्यावर ते पाहताना माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हीच धडक आमच्या क्वार्टरबॅकला बसली असती तर मी इथे उभी राहून किती ओरडले असते.

शेजारचे आजोबा मात्र निश्चिंत होते. ते वळून जावयांना म्हणाले की, १९९९ ची परतफेड झाली. त्या वर्षी अटलांटातल्या सामन्यात आमच्या खेळाडूचा गुडघा आधीच जमिनीला टेकलेला असताना पंचांनी चेंडू सुटल्याचा निर्णय दिला, आणि टेक जादा डावात ५१-४८ असे जिंकले. त्या काळी चित्रफीत पाहून निर्णय बदलण्याची सोय नव्हती. पुढे त्या पंचांवर निलंबनाची कारवाईही झाली. आमच्याकडे ही गोष्ट एखाद्या कोर्टकचेरीच्या दाव्यासारखी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. टेकचे आजचे प्रशिक्षक ब्रेंट की तेव्हा त्यांच्या संघातून खेळत होते, एवढाच काय तो धागा. शुक्रवारी मैदानावर असलेली बहुतेक पोरे त्या वेळी जन्मलीही नव्हती. आजोबांचे फिटले असेल, परंतु किंगने कोणाचे काय घेतले होते?

असो. एक मिनिट उरलेले असताना आम्ही बरोबरी साधली, २७-२७, आणि सामना जादा डावांत गेला. बाबांना हा भाग आवडेल, कारण हा आपला टायब्रेकरच आहे. पहिल्या दोन डावांत प्रत्येक संघाला पंचवीस यार्डांवरून एकेक संधी मिळते. तिसऱ्या डावापासून मात्र सगळे आटोपशीर करून टाकले आहे: फक्त तीन यार्डांवरून एकेकच प्रयत्न करायचा, जमला तर दोन गुण, नाही जमला तर शून्य, आणि एकाचे जमून दुसऱ्याचे हुकले की सामना संपला. म्हणजे सडन डेथ. ही फेरी एक-दोनदा होऊन निकाल लागावा अशी अपेक्षा असते. आमच्याकडे ती आठव्या डावापर्यंत लांबली. मध्यरात्र होत आली होती, पोरे दमून गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहत, लोक आता ओरडत नव्हते, नुसते उभे होते. प्रत्येक प्रयत्नाआधी कोणीतरी देवाचे नाव घेत होते आणि त्यात मीही होते. आमचा क्वार्टरबॅक कार्सन बेक याने त्या रात्री पाच टचडाऊन पास दिले, पण शेवटचा प्रयत्न पळून करण्याचे काम नेट फ्रेझर या पहिल्या वर्षाच्या पोराकडे आले. तो आत घुसला. ४४-४२.

मी नाचले, हे कबूल केले पाहिजे. आजोबांना मिठीही मारली. मग वळून पाहिले तर जावई जागेवर बसून बुटाची नाडी बांधत होते, जी सुटलेली नव्हती.

आमच्या विद्यापीठात विजयानंतर जुन्या चॅपलमागची घंटा वाजवण्याची प्रथा आहे. मी शिकत होते तेव्हा ती संधी मी कधीच सोडत नसे, आणि जावईच म्हणाले की, इथपर्यंत आलीस तर वाजवूनच ये. रांग लांब होती. पण त्या रांगेत नेहमीची गाणी नव्हती. माझ्या पुढची दोन पोरे पहिल्या अर्ध्या सामन्यात आक्रमण का जमले नाही यावर वाद घालत होती. कोणीतरी म्हणत होते की टेक्सासपुढे असे खेळलो तर धुलाई होईल. आणि एक मुलगी अगदी हळू आवाजात म्हणाली की, किंग आपल्याकडे असायला हवा होता. तिच्या म्हणण्यावर कोणी हसले नाही. घरच्या मैदानावरचा हा आमचा सलग एकतिसावा विजय, आणि त्या रांगेत सुटकेचा निःश्वास जितका होता तितका अभिमान नव्हता. मी दोर ओढला, घंटा वाजली, आणि मी पुढच्या माणसाला जागा करून दिली.

परतीच्या वाटेवर जावई बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितले ते मला अनपेक्षित होते. ते म्हणाले की, आम्ही दरवर्षी सहज हरतो तेव्हा तुमचे लोक आमच्याशी फार गोड वागतात, आज पहिल्यांदा कोणी गोड वागले नाही, आणि त्यामुळे बरे वाटले. मी यावर खूप विचार केला. आम्ही टेकला हिणवतो ते ते कमकुवत आहेत असे गृहीत धरून. ते गृहीतक शुक्रवारी मोडले, आणि नेमके तेच आमच्या लोकांना झोंबले असावे. फलकावर नाव आमचे असले तरी टेकवाली मंडळी मान वर करून वावरत आहेत, आणि आमची मंडळी प्रशिक्षक कर्बी स्मार्ट यांनी काय बदलावे याच्या चर्चेत बुडाली आहेत.

बाबा, तुमचे मला आठवते ते असे, की तुमचे मंडळ टायब्रेकरवर जिंकून आले की तुम्ही जेवताना समोरच्या संघाच्या गोलरक्षकाचेच कौतुक करत असायचा, आणि आई म्हणायची की, मग त्यांच्याच मिरवणुकीत जायचे होते. तेव्हा मला तुमचे वागणे दुटप्पी वाटायचे. परंतु तुमच्यात आणि माझ्यात एक फरक आहे: तुमच्या त्या सामन्यांत गोलरक्षक चुकला की चुकला, त्यात वादाला जागा नव्हती. माझ्या विजयात ती धडक आहे, आणि ती नियमात होती की नव्हती याचा निकाल माझ्या मनात अजून लागलेला नाही. म्हणून नुसते प्रतिस्पर्ध्याचे कौतुक करून मला सुटता येत नाही. मला विजय परत करायचा नाही, हेही तितकेच खरे. कोणी विचारले तर ४४-४२ असेच सांगेन, आणि धडकेचा विषय आपणहून काढणार नाही. जावयांनी काढला तर मात्र वाद घालणार नाही.

येत्या शनिवारी, ७ तारखेला, इथेच अटलांटात टेक्सासशी सामना आहे. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या गावी जाऊन आम्ही त्यांना ३०-१५ हरवले होते, त्यामुळे ते चिडून येतील. या वर्षीपासून राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या फेरीत बारा संघ घेणार आहेत आणि रविवारी त्यांची यादी जाहीर होईल. जावयांनी जाहीर केले आहे की ते टेक्सासच्या बाजूने बसणार, आणि सामना घरी टीव्हीवर पाहायचा असल्याने सोफ्याची डावी बाजू त्यांची. मी मिसळ करणार आहे. तिखट किती घालायचे ते फलक पाहून ठरवीन. बाबांना जागरण सोसत असेल तर शनिवारी रात्री उशिरा तिथून फोन लावा, त्या वेळी आमच्याकडे सामना सुरू असेल. आणि आधी जावयांशी बोला, माझ्याशी नंतर.

तुमची लेक